कुत्र्यांमध्ये संधिवात आणि मूतखडा यांचा काही संबंध असतो का?

तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षांच्या लॅब (लॅब्रॅडॉर) कुत्रीला संधिवात होताच, आता मूतखडाही निघाला, आणि शेजारचे काका म्हणतात की युरिक ॲसिड वाढलं की दोन्ही होतं. माणसांच्या बाबतीत काकांचं चूक नाही. कुत्र्याचं यकृत मात्र युरिक ॲसिडचं अलँटॉइन नावाचं द्रव्य करून टाकतं, ते पाण्यात सहज विरघळतं आणि लघवीवाटे निघून जातं. डाल्मेशियन हा ठिपक्यांचा कुत्रा अपवाद. जन्मजात दोषामुळे त्याच्या लघवीत युरिक ॲसिड जास्त उतरतं आणि युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षारांचे, खडे होतात. पण गंमत बघा, सांधे त्याचेही त्यापायी धरत नाहीत.

तरीही दोन दुखण्यांचा संबंध लागतो. आमच्याकडे तो जिन्यावरून आला. लालबागची जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आमची ब्राउनीही लॅबच. खुब्याचे सांधे झिजले तशी चारदा खाली जाणारी ही बया दोनदा जाऊ लागली, आणि जुलैच्या पावसात तर दारापर्यंत येऊन परत फिरायची. आम्ही म्हणायचो, म्हातारपणी आळशी झाली. उठताना दुखतं म्हणून पाणीही कमी पीत होती. त्यात मादीला लघवीला खाली बसावं लागतं. ही कशीबशी टेकायची आणि अर्ध्यातच उठायची. मूत्राशय कधी पुरतं रिकामं होईना. साठलेली, घट्ट लघवी म्हणजे जंतूंना आयतं घर.

खडा सापडला तोही खुब्यांच्या एक्स-रेमध्ये. कोपऱ्यात सुपारीएवढं काहीतरी दिसलं, डॉक्टरबाईंनी लगेच लघवीचं कल्चर, म्हणजे त्यात कुठले जंतू वाढतात ती तपासणी, करायला लावलं. स्टॅफिलोकोकस निघाला. हे जंतू युरिया फोडून अमोनिया करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचा खडा जमतो. माद्यांमध्ये तो जास्त दिसतो. अँटिबायोटिक आणि पथ्याचं खास खाणं यांनी आमचा विरघळला, ऑपरेशन टळलं. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा असा विरघळत नाही, म्हणून खडा कुठल्या जातीचा असावा हे आधी विचारा. युरेटचा तर साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतही नाही, सोनोग्राफी लागते.

आता औषधांकडे बघा. सांध्यांसाठी स्टेरॉइड चालू आहे का? त्याने लघवीतून कॅल्शियम जास्त जातं आणि जंतुसंसर्ग होऊनही लक्षणं दबून राहतात. 'हाडं मजबूत होतील' म्हणून कोणी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व किंवा क जीवनसत्त्वाच्या गोळ्या देत असेल तर डॉक्टरांना सांगा. क जीवनसत्त्वाचं शरीरात ऑक्झलेट होतं. आणि घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक अजिबात देऊ नका. कुत्र्याच्या पोटाची आणि किडनीची वाट लागते.

आम्ही आता पाण्याची दोन भांडी ठेवतो, एक तिच्या गादीशेजारी. जेवणात वाटीभर कोमट पाणी घालतो. खाली नेताना पोटाखालून पंचा घालून मागचा भार उचलून धरतो, आणि पावसाळ्यात गॅलरीत जुन्या चादरीवर मोकळं व्हायला शिकवलंय. पहिले चार दिवस तिने ढुंकून पाहिलं नाही.

तुमची कुत्री वारंवार बसतेय आणि थेंबही येत नाही असं झालं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री टॅक्सी करा.