परस्परसंमतीच्या घटस्फोट अर्जात ‘कारण’ काय लिहायचं?

प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको दोघंही राजी आहेत, पुण्यात राहतात, वकील न लावता अर्ज स्वतः लिहितायत. कारण म्हणून ‘स्वभाव जुळत नाहीत’ एवढंच लिहिलं तर चालेल का? आणि पोटगी, मुलाचा ताबा कुठे लिहायचा?

चालेल. त्याहून जास्त लिहूच नका. ‘जरा मसाला घाला, नाहीतर कोर्ट ऐकत नाही’ असं सांगणारा एक मामा प्रत्येक घराण्यात असतो आणि कोर्टाबाहेरचा टायपिंगवाला त्याला दुजोरा देतो. दोघंही चूक. मसाला लागतो तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13(1) ला, म्हणजे एकाच्याच अर्जाला, जिथे क्रूरता किंवा परित्याग सिद्ध करायचा असतो. तुमचा अर्ज त्याच कायद्याच्या कलम 13-ब खाली, म्हणजे परस्परसंमतीचा. तिथे तीनच गोष्टी बघतात: अर्जाच्या लगेच आधीचं किमान एक वर्ष वेगळे राहताय, एकत्र नांदणं जमलेलं नाही, लग्न संपवायला दोघं राजी आहात. दोष कोणाचा, हे कोणी विचारत नाही. शिवाय अर्ज एकच आणि अर्जदार दोघं. दारू, सासू, मोबाइलमधले मेसेज असं काही घातलंत तर त्याखाली समोरच्यालाही सही करायची असते. तो बिथरला की संमती गेली, आणि ती हुकूमनामा होईपर्यंत टिकावी लागते (सुप्रीम कोर्टाचा सुरेष्टा देवी निकाल, 1991).

एवढा परिच्छेद पुरतो:

“स्वभाव व विचारांतील भिन्नतेमुळे उभय अर्जदारांमध्ये तीव्र मतभेद निर्माण झाले. समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरले. उभय अर्जदार दि. 12/03/2023 पासून विभक्त राहत असून तेव्हापासून त्यांच्यात पती-पत्नीचे संबंध नाहीत. एकत्र नांदणे त्यांना शक्य झालेले नाही. सबब विवाह विच्छेदित करून घेण्याचे त्यांनी स्वखुशीने ठरवले आहे.”

खरी गोम तारखेत आहे. ‘मार्चच्या सुमारास’ लिहू नका, दिवस लिहा. आणि अर्ज, प्रतिज्ञापत्र, कोर्टाच्या समुपदेशकांसमोरचं बोलणं, तिन्हीकडे तोच दिवस येऊ द्या. अर्जात मार्च आणि तोंडी ‘दिवाळीनंतर’ निघालं की प्रश्न सुरू होतात. मध्येच नवरा-बायको म्हणून पुन्हा एकत्र राहिला असाल तर वर्ष तिथून नव्याने मोजायचं. फ्लॅटच्या हप्त्यापायी एकाच घरात राहत असाल तरी अडत नाही, पण ते लपवू नका. आधार कार्डांवर पत्ता एकच आणि अर्जात नुसतं ‘विभक्त’, हे लगेच खटकतं. ‘एकाच घरात स्वतंत्र खोल्यांत राहतात, वैवाहिक संबंध नाहीत’ असं सरळ लिहा. अर्जानंतर थांबायची सहा महिन्यांची मुदत माफ करून घेतानाही हीच तारीख कामाला येते: अर्ज दाखल होतानाच दीड वर्ष उलटलेलं असेल आणि बाकी सगळं मिटलेलं असेल, तर तसा वेगळा अर्ज करता येतो (सुप्रीम कोर्टाचा अमरदीप सिंग निकाल, 2017).

‘अर्जदारांमध्ये संगनमत नाही’ हे वाक्य लोक हमखास गाळतात, कारण दोघं मिळून अर्ज करताना ते विनोदी वाटतं. कलम 20 ला ते लागतंच. दोघांनी मिळून कोर्टाला फसवत नाही आहात, एवढाच त्याचा अर्थ. त्यालाच ‘संमती जबरदस्ती, फसवणूक वा दबावाने घेतलेली नाही’ हे जोडा.

पोटगी, स्त्रीधन, ताबा हे संमती अटींत (दोघांनी मिळून सही केलेल्या तडजोडीच्या अटींत), रकमा आणि तारखांसह. त्यावर सविस्तर लिहायला वेगळं उत्तर लागेल. तूर्त एवढंच की मुलाच्या खर्चाचा हक्क आईने सोडून चालत नाही, आणि जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 498-अ ची (बायकोच्या सासरच्या छळाची) केस चालू असेल तर ‘मागे घेतली’ असं लिहिल्याने ती मिटत नाही, हायकोर्टातून रद्द करून घ्यावी लागते.

हो, लग्न विशेष विवाह कायद्याखाली असेल तर कलम 28, ख्रिस्ती असाल तर घटस्फोट कायद्याचं कलम 10-अ. वरचा मसुदा त्यात डोळे झाकून उतरवू नका. कौटुंबिक न्यायालयात वकील लावणं सक्तीचं नाही हे खरं, पण दोघांपैकी एकजण भीतीपोटी सही करत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि त्या व्यक्तीने स्वतःचा वकील गाठावा.