काडतुसं घरी भरायचा सेट घ्यायचाय, पण पैसे कुठून काढू?

तुम्ही लिहिलंय की टार्गेटसाठी महिन्याला ६० राऊंड (काडतुसं) लागतात, लायसन्स आणि नियमांचं सगळं बघून झालंय, पूर्ण सेट साधारण ६०० फॅक्टरी काडतुसांच्या किमतीत बसतो, तर इमर्जन्सी फंड मोडून घेऊ का. फंड मोडू नका. सेट घ्या, पण दर महिन्याला थोडं बाजूला टाकून, आणि साधा सिंगल-स्टेज प्रेस (एका वेळी एकच काम करणारं दाबयंत्र) घ्या, महिन्याला ६० राऊंडला प्रोग्रेसिव्ह (एकाच फेरीत सगळी कामं करणारा) म्हणजे दोन माणसांच्या घरात लग्नाचं पातेलं.

आता हिशोब. तुमच्याच आकड्यांवरून फॅक्टरी काडतूस १०० धरलं तर बुलेट (पुढची गोळी), प्रायमर (बुडातली पेटवणारी टोपी), पावडर (दारू) मिळून ५० आणि नवी केस (पितळी नळी) ४०. पहिले तिन्ही उडून जातात, केस तेवढी हातात राहते. ती दोनदा वापरून टाकली तर राऊंड ७० ला पडतो, सेट फिटायला २००० राऊंड, म्हणजे जवळपास ३३ महिने. तीच १० वेळा चालली तर राऊंड ५४ ला आणि २२ महिन्यांत सेट वसूल. अकरा महिन्यांचा फरक नुसत्या पितळेने पाडला बघा.

आणि केस लवकर मरते ती बहुतेक आपल्याच हाताने. साइझिंग डाय (केस दाबून परत मापात आणणारा साचा) शेवटपर्यंत आवळून खांदा (केस मानेकडे निमुळती होते तो उतार) दर वेळी नको तेवढा मागे ढकलला की पुढच्या फायरला पितळ परत ताणतं आणि बुडाच्या जरा वर आतून पातळ होत जातं. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलला (हाताने बोल्ट मागेपुढे करून भरायची) खांदा ०.००१ ते ०.००२ इंच मागे गेला की पुरे. पेपरक्लिपचं टोक वाकवून केसच्या आत भिंतीवरून फिरवा, बुडाजवळ खाच लागली तर ती केस बाद, आणि त्या लॉटमधली (सोबत वापरलेल्या केसच्या गटातली) प्रत्येक तपासा, तिथे काटकसर नको, कारण ती चेंबरमध्ये (रायफलमध्ये काडतूस बसतं तिथे) तुटून दोन तुकडे होते. मान (बुलेट धरणारा तोंडाकडचा भाग) कडक होऊन चिरते, त्यासाठी अधूनमधून अ‍ॅनीलिंग, म्हणजे तापवून मऊ करणं. प्रायमर हलक्या हाताने आत जायला लागला तर त्याचं पॉकेट (बुडातला खळगा) सैल झालंय, बहुधा प्रेशर जास्त आहे.

म्हणूनच मॅक्सिमम लोडच्या (जास्तीत जास्त पावडरच्या) मागे लागणं मला पैशाच्या बाजूनेही पटत नाही. रीलोडिंग मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या लोडपासून हळूहळू वर या, टेबलावर एका वेळी एकच पावडर, आणि बुलेट बसवायच्या आधी ट्रेमधल्या सगळ्या केसमध्ये टॉर्च मारून पावडरची पातळी बघा. चेक-वेटसकट (काटा बरोबर आहे का ते तपासायचं वजन) काटा, कॅलिपर, चष्मा हे बजेटमध्येच धरा, नंतर बघू म्हणून सोडू नका.

माझा एक क्लायंट राऊंड स्वस्त पडायला लागल्यावर दुप्पट फायर करायला लागला, महिन्याचा खर्च होता त्याहून वाढला 😀 तुमचे ६० चे १२० होणार असतील तर बचत हा शब्द विसरा, हौस म्हणून बजेटमध्ये टाका, त्यात काही वाईट नाही.

पैसे जमेपर्यंत स्वतःच्या रायफलमधून निघालेल्या रिकाम्या केस फेकू नका, लॉटप्रमाणे डब्यात ठेवा आणि डब्यावर किती वेळा फायर झाल्या ते लिहा.