‘ताई, मला चूक दिसतच नाही’

इंग्रजी वाक्य दिलेलं असतं, त्यात एका शब्दाचं स्पेलिंग मुद्दाम बिघडवलेलं असतं आणि तो शब्द ओळखायचा असतो. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत हा प्रश्नप्रकार अनेकांना रडवतो. नोकरीत नव्यानं लागलेले लोकही माझ्याकडे समुपदेशनासाठी हेच दुखणं घेऊन येतात. पाठवण्याआधी चार वेळा वाचलेल्या मेलमध्ये साहेबांनी लाल गोल केलेला असतो. एकदा वह्या तपासणाऱ्या एक शिक्षिकाही आल्या होत्या. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच असतं, ‘मला चूक दिसतच नाही.’ दुसरंही ठरलेलं असतं, ‘म्हणजे माझं इंग्रजीच कच्चं आहे.’

मला पहिल्या वाक्यापेक्षा दुसऱ्याची काळजी जास्त वाटते.

एका मुलीची हकीकत सांगते. आपण तिला रेवा म्हणू. नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे तपशीलही. पाच-सहा भेटींमधलं मोजकंच इथे लिहिते आहे.

पहिल्या भेटीत तिनं सरावाची उत्तरपत्रिका माझ्यापुढे सरकवली. दहापैकी तीन.

“इंग्रजी वाचतेस?”

“आठवड्याला एक पुस्तक होतं.”

“वाचताना अडखळतेस?”

“नाही, भराभर वाचते.”

“मग कच्चं कुठे आहे?”

“पण ज्याला इंग्रजी येतं त्याला चूक दिसलीच पाहिजे ना?”

‘दिसलीच’ हा शब्द मी माझ्या वहीत लिहून घेतला आणि त्यातल्या ‘च’खाली रेघ ओढली. माझी सारी भिस्त विवेकनिष्ठ विचारांवर, म्हणजे अट्टहास सोडून वास्तवाला धरून विचार करण्यावर. माणूस घटनेनं जितका खचतो त्याहून जास्त या ‘च’नं खचतो, हे मी रोज पाहते. चूक दिसली तर बरं, दिसावी ही इच्छा रास्तच आहे. दिसलीच पाहिजे म्हटलं की न दिसलेली प्रत्येक चूक स्वतःविरुद्धचा पुरावा होऊन बसते.

मग मी ती उत्तरपत्रिका उजेडात धरली. चार ठिकाणी खोडरबरानं कागद पातळ झाला होता आणि पहिल्या खुणेचा ठसा अजून दिसत होता. त्या चारपैकी तीन ठिकाणी पहिली खूण बरोबर होती. आधी योग्य शब्दावर बोट ठेवून नंतर तिनं ते उचललं होतं.

“इथे काय झालं?”

“पुन्हा पुन्हा बघितलं की सगळेच शब्द चुकीचे वाटायला लागतात.”

हा अनुभव तुम्हालाही असेल. कुठल्याही शब्दाकडे टक लावून पाहा, थोड्या वेळानं तो परका दिसू लागतो. म्हणजे रेवाला दोन अडचणी होत्या. पहिल्या वाचनात चूक निसटत होती, आणि घाबरून रोखून पाहिलं की बरोबर शब्दही संशयित होत होते. दुसरी अडचण इंग्रजीची नव्हतीच, भीतीची होती.

पहिल्या अडचणीसाठी मी एक प्रयोग केला. रेवाचं मराठी उत्तम, त्याबद्दल तिला स्वतःलाही कधी शंका आली नव्हती. मी एका कागदावर माझ्या अक्षरात लिहिलं, ‘शिक्षणाला आयुष्यात फार महत्व आहे. शिकलेल्या मुलांचं भविष्य उज्वल असतं.’ तिनं ते मोठ्यानं वाचलं, न अडखळता.

“किती चुका होत्या?”

“यात चुका होत्या?”

कागद परत तिच्या हातात दिला. मी काही बोलले नाही. ती बोट ठेवून एकेक शब्द पाहत गेली. ‘महत्व’वर बोट थांबलं. मग ‘उज्वल’वर. बराच वेळ ती तशीच बसली होती.

“म्हणजे माझं मराठीही कच्चं?” असं विचारता विचारता तिलाच हसू आलं. त्या हसण्यात माझं निम्मं काम झालं. दोन भेटींत मी जे शब्दांनी सांगत होते ते तिला स्वतःच्या बोटाखाली सापडलं होतं. तिनं ‘महत्त्व’ असंच वाचलं होतं, कारण तिच्या मनात तो शब्द तसाच आहे. डोळ्यांनी जेमतेम नोंद घेतली आणि उरलेलं मनानं भरून काढलं. 1897 साली पिल्सबरी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं अक्षरं बदललेले आणि गाळलेले शब्द लोकांना क्षणभर दाखवले होते. वाचणाऱ्यांना अनेकदा ते धडधाकट, बरोबर शब्दच दिसले. ज्याचं वाचन पक्कं त्याचं मन ही भर झपाट्यानं घालतं. रेवाला चुका दिसत नव्हत्या याचं एक कारण हे होतं की ती चांगली वाचत होती.

पुढचा क्षण मात्र माझ्याही हिशोबात नव्हता. मी विचारलं, “दोन त कशाला हवेत?” ती लगेच म्हणाली, “महत् अधिक त्व. आणि उत् अधिक ज्वल. संधी आहे ना!” मी त्याच कागदावर ‘अकॉमोडेट’ हा शब्द इंग्रजीत लिहिला. दोन सी, दोन एम. तिच्या उत्तरपत्रिकेत हाच शब्द एका एमनं छापला होता आणि तो निसटला होता.

“यात दोन-दोन का असतील?”

ती थबकली. “इथेही सांधा आहे?”

आहे. लॅटिनमधला ‘अॅड’ पुढच्या सीला चिकटताना ‘अक्’ झाला, पुढे ‘कॉम’ आला आणि मग एमपासून सुरू होणारं मूळ. ‘इमिजिएटली’तले दोन एम, ‘कमिटी’तले दोन एम, ‘घडणं’ या अर्थाच्या ‘ऑकर’मधले दोन सी, सगळे सांध्यावरचे. मी कितीतरी वर्षं लोकांना ‘नीट बघा’ एवढंच सांगत आले होते. कुठे बघायचं हे सांगायला हवं होतं, ते त्या दिवशी या मुलीच्या एका शब्दानं मला कळलं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांधे दाखवते, आणि त्याचा गुण येतो.

इंग्रजी स्पेलिंग कुठेही बिघडत नाही, ठरावीक जागी बिघडतं. सांधा ही पहिली जागा, आणि तो शब्दाच्या शेवटीही असतो. ‘गव्हर्न’ला ‘मेंट’ लागलं की मधला एन बोलताना गायब होतो, म्हणून लिहिताना गळतो. ‘एन्व्हायर्नमेंट’चंही तेच. ‘ऑकर्ड’मध्ये दोन आर येतात, ‘ऑफर्ड’मध्ये एकच, कारण ‘ऑकर’चा जोर शेवटी पडतो आणि ‘ऑफर’चा सुरुवातीला. ‘आर्ग्यू’चा ई ‘आर्ग्युमेंट’मध्ये टिकत नाही.

दुसरी जागा जास्त फसवी. इंग्रजीत शब्दाच्या ज्या तुकड्यावर जोर नाही तिथला स्वर बहुतेकदा विरून नुसता पुसट ‘अ’ उरतो. मग तिथे ए आहे, ई आहे की आय, हे कान सांगूच शकत नाही. आपण मराठी माणसं कानावर विसंबतो, आणि देवनागरीनं ती सवय बऱ्याच अंशी योग्यच ठरवली आहे. इथे कानाला सोडून शब्दाच्या नातेवाइकांना विचारायचं. ‘ग्रॅमर’च्या शेवटी ए की ई? ‘ग्रॅमॅटिकल’ म्हणून पाहा, ए खणखणीत ऐकू येतो. ‘डेफिनिट’मध्ये ए घालण्याचा मोह झाला तर ‘डेफिनिशन’ म्हणा, आय समोर येतो. ‘सेपरेट’मध्ये पीनंतर ए, कारण त्याचं आणि ‘प्रिपेअर’चं मूळ एकच. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला बी उच्चारात नाही, पण त्याचा भाऊ ‘डेबिट’ बँकेच्या पासबुकात भेटतोच.

जिथे नातेवाईक सापडत नाही तिथे लहानपणीची युक्ती वापरा. ‘वेड-नेस-डे’ असं मनात म्हणत आपण सगळेच ‘वेन्सडे’ शिकलो. रेवाला त्याची लाज वाटायची. लाजण्यासारखं त्यात काही नाही. इंग्रजी शब्दाला मराठीसारखं अक्षरन् अक्षर उच्चारलं की मनाला भर घालायला जागाच उरत नाही.

आता पाहायचं कसं. वाक्य एकदा अर्थासाठी वाचा. ‘फ्रॉम’च्या जागी ‘फॉर्म’ छापलं असेल तर स्पेलिंग निर्दोषच असतं, ती चूक अर्थच पकडतो. मग दुसऱ्यांदा शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे या. उलटं गेलं की वाक्याचा ओघ तुटतो, आणि ओघ तुटला की शब्द सुटे दिसतात. लांब शब्दावर पेन्सिलीचं टोक ठेवून सांधा आणि पुसट स्वर तेवढा तपासा. छोट्या शब्दांवर फार थांबू नका. खूण केली की पुढे जा. ठोस कारण सापडल्याशिवाय ती खोडायची नाही, आणि ‘काहीतरी विचित्र वाटतंय’ हे कारण नव्हे. ‘चूक नाही’ असा पर्याय दिलेला असतो तेव्हा तो खरा असू शकतो, हेही स्वतःला सांगा. रंगाला ‘कलर’ म्हणतात त्यात यू असला काय, नसला काय. एक ब्रिटिश, एक अमेरिकी, त्यावर वेळ घालवू नका.

एका गोष्टीबद्दल मी हट्टी आहे. चुकीच्या स्पेलिंगच्या याद्या पाठ करणं ताबडतोब थांबवा. 1990 साली जेकोबी आणि हॉलिंग्सहेड यांच्या अभ्यासात असं दिसलं की चुकीची स्पेलिंग्ज नुसती वाचल्यानंतरही लोक तेच शब्द जास्त चुकवू लागले. रेवाकडे अशा शब्दांची जाडजूड वही होती. ती मी बंद करायला लावली. सरावात चूक सापडली की बरोबर शब्द हातानं तीनदा लिहायचा, सांध्यावर उभी रेघ मारून. चुकीचं रूप वहीत उतरवायचंच नाही. पहिले पंधरा दिवस तिनं कुरकुर केली.

शेवटच्या भेटीत ती नवी उत्तरपत्रिका घेऊन आली. दहापैकी सात. मी आधी ती उजेडात धरली. कागद सगळीकडे सारखा जाड होता.

“तीन राहिले,” ती म्हणाली, “पण ते राहणार हे मला पेपर देतानाच माहीत होतं. कारण सापडलं नाही, म्हणून सोडून पुढे गेले.”

“आणि इंग्रजी?”

“कुठलं पुस्तक वाचतेय ते सांगू का?” आणि पुढची वीस मिनिटं ती तेच सांगत होती.