टोपी घालून सोफ्यावर

प्रश्न : ताई, माझे वडील ७७ वर्षांचे. आई गेल्यावर दीड वर्षापूर्वी त्यांना वाईजवळच्या गावाहून पुण्याला आणलं. हळदीचं रान वाट्याने दिलंय. घरात टीव्ही आहे, मोबाइल घेऊन दिला, नातवंडं आहेत. पण अण्णा सकाळी अंघोळ करून टोपी घालतात आणि सोफ्यावर बसून राहतात. बागेतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर नेलं, दोन दिवसांत जाणं बंद केलं. ‘तुमचं चालू द्या,’ एवढंच म्हणतात. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ती टोपी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. अण्णा रोज बाहेर पडायची तयारी करतात, पण जायचं कुठे?

आधी त्यांचे कान तपासून घ्या. मी ३२ वर्षं परिचारिका होते, तरी माझ्या वडिलांचं ओळखायला मला वर्ष लागलं. कट्ट्यावर सगळे हसले की बाबा जरा उशिरा हसायचे. ऐकूच यायचं नाही, पुन्हा विचारायची लाज. शेवटी जाणंच सोडलं, आणि आम्ही समजत होतो, आईच्या दुःखात आहेत. कानाचं यंत्र आणलं तर सुरुवातीला भांड्यांचा आवाजही टोचतो. बाबांनी ते डबीत घालून कपाटात ठेवून दिलं होतं. रोज थोडा थोडा वेळ लावायची सवय करा, टोचत असेल तर आवाज कमी-जास्त करून आणा.

आईचं नाव घरात निघतं का? बहुतेक घरांत अण्णांना त्रास नको म्हणून सगळे गप्प बसतात. तुम्ही काढा. रडले तर रडू द्या.

मात्र जेवण आणि झोप दोन आठवड्यांहून जास्त बिघडली, किंवा ‘देवाने उचललं तर बरं’ हे पुन्हा पुन्हा यायला लागलं, तर ‘वयच झालं’ म्हणून सोडू नका. नैराश्य हा आजार आहे, म्हातारपणीही तो औषधोपचाराने बरा होतो. डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं.

आणि त्यांना करमणूक नको, काम द्या. हळदीचा हिशेब सध्या तुम्हीच फोनवर बघत असाल ना? तो अण्णांच्या हाती द्या. वाटेकऱ्याचा फोन त्यांनाच येऊ दे. किती गड्डे बेण्याला ठेवायचे, हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. काढणी होऊन हळद शिजवायची काहिली चुलाणावर चढली की आठ-दहा दिवस गावी जाऊ द्या. काळजी वाटेल, वाटणारच. शेजारी जेवणाचं सांगून ठेवा, गोळ्या दिवसवार डबीत भरून द्या, रात्री एक फोन करा.

७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून राज्यात एसटी मोफत आहे. स्वारगेटपर्यंत सोडायला जा, पण कंडक्टरला ओळखपत्र त्यांचं त्यांना दाखवू द्या.