मोहिनी घातली की भारलं?

प्रश्न असा आहे: नॅथॅनियल हॉथॉर्नच्या ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ (१८५१) या कादंबरीतल्या ॲलिस पिंचनच्या गोष्टीचं भाषांतर करताना ‘मेस्मराइझ’साठी (नजरेने, इच्छाशक्तीने दुसऱ्याला आपल्या ताब्यात घेणं) ‘मोहिनी घातली’ चालेल का?

मला नाही चालणार. मराठीत मोहिनी बहुधा बाईच घालते. अमृत वाटणारी विष्णूची मोहिनी कुठेतरी मनात असतेच. शिवाय ‘मोहित झाली’ म्हटलं की त्याला प्रेमाचा वास येतो. इथे प्रेमाचा पत्ता नाही. ॲलिसच्या बापाला अमेरिकेतल्या मेन प्रांतातल्या जमिनीचा हरवलेला दस्तऐवज हवाय, म्हणून तो मॅथ्यू मॉल नावाच्या सुतारासमोर पोरीला बसवतो आणि स्वतः पाठ फिरवून भिंतीवरचं निसर्गचित्र बघत राहतो. मॉल तिला मेस्मराइझ करतो. नंतर ॲलिस शुद्धीवर येते, पण सुटत नाही. मॉलच्या मनात आलं की असेल तिथे हसायचं, रडायचं, नाचायचं. त्याच्या लग्नाच्या रात्री नवरीच्या दिमतीला तिला साटनच्या सपातांनिशी धावावं लागतं. परतताना ती बर्फापावसात भिजते आणि त्या दुखण्यातच जाते.

‘संमोहित’ चुकीचा नाही, पण डॉक्टरी वाटतो. ‘हिप्नॉटिझम’ हा शब्दच स्कॉटिश डॉक्टर जेम्स ब्रेडने १८४०च्या दशकात रुळवला; ॲलिसची गोष्ट त्याच्या कितीतरी आधीच्या काळात घडते. आणि ज्याच्या नावावरून ‘मेस्मराइझ’ आला, त्या अठराव्या शतकातल्या डॉक्टर मेस्मरची कल्पना वेगळी होती: एकाच्या अंगातली चुंबकशक्ती दुसऱ्यात उतरवायची. तो पाण्यातही ती उतरवायचा. आपल्याकडे मांत्रिक पाणी भारून देतो, तेच. म्हणून माझं मत ‘भारणे’ला. ‘त्याने तिला भारलं’ यात पाण्याला जितकं विचारतात तितकंच तिला विचारलंय. (‘भारावली’ मात्र नको, भाषण ऐकून श्रोते भारावतात, ते स्वखुशीने.) पुढच्या हाल-अपेष्टांसाठी ‘वश केलं’ ठीक आहे. ‘वश झाली’ लिहिलंत की दोष तिच्या पदरात जातो.

ही गोष्ट मॉलचाच वंशज होलग्रेव्ह पिंचन घराण्यातल्या फिबीला वाचून दाखवतो, तेव्हा तिच्याही पापण्या जड होतात, श्वास त्याच्या श्वासाशी लय धरतो. तिथे ‘भारलं’ नको, क्रिया पुरी झालेलीच नाही. ‘तिला गुंगी येऊ लागली’ असं लिहा, कर्ता वगळून. पुढच्याच परिच्छेदात तो हात आवरतो. तिथे कर्ता परत आणा.