पेट्रोलमध्ये क्लीनर टाकून एटीव्हीचं इंजिन साफ होतं का? कुठे होतं, कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा: कार्ब्युरेटरवाली २५० सीसी एटीव्ही (कच्च्या रस्त्यावर चालणारी चारचाकी बाइक) सात महिने उभी होती. आता चोक ओढलेला असेपर्यंत चालते, चोक बंद केला की मरते. क्लीनरची बाटली ओतून भागेल, की कार्ब्युरेटर उतरवावाच लागेल?

भागू शकतं, पण पायलट जेटमधून (कार्ब्युरेटरमधलं कमी रेसला पेट्रोल देणारं बारीक तोंड) थोडं का होईना पेट्रोल येत असेल तरच. क्लीनर पेट्रोलसोबत वाहत जातो. जिथून पेट्रोल जात नाही तिथे तोही पोहोचत नाही. पायलट जेटचं भोक साधारण ०.४ मिमी असतं, आणि जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा चिकट थर सगळ्यात आधी तिथेच बसतो. जास्त रेसला पेट्रोल देणारा मेन जेट त्याच्या दोन-तीनपट मोठा, म्हणून जोरात रेस दिल्यावर गाडी ठीक चालते आणि आयडलिंगला (रेस न देता चालू असताना) रडते. इंजिन नीट तापवून चोक बंद करून बघा. अडखळत का होईना पंधरा-वीस सेकंद चालत असेल तर जेट अर्धवट तुंबलाय, क्लीनरला वाव आहे. तापलेलं असूनही लगेच मरत असेल तर बाटलीचे पैसे वाचवा आणि पाने-स्क्रूड्रायव्हर काढा.

त्याआधी दोन गोष्टी तपासा, कारण लक्षणं अगदी अशीच असतात. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर हेड यांच्यामधल्या रबरी जोडाला चीर गेली की बाहेरची हवा आत ओढली जाते. इंजिन चालू असताना त्या जोडावर स्प्रे बाटलीने पाणी मारा. रेस बदलली तर दोष तिथे आहे. दुसरं म्हणजे टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक. गाडी दहा-पंधरा मिनिटं चांगली चालून बंद पडत असेल आणि झाकण उघडल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर जेटला दोष देऊ नका.

आता कृती. जुनं पेट्रोल टाकीतून पूर्ण काढा, फ्लोट बाऊलच्या (कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोल साठवणारी वाटी) खालचा ड्रेन स्क्रू सैल करून तेही काचेच्या बरणीत घ्या. ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. क्लीनर शिळं पेट्रोल ताजं करत नाही. पेट्रोल इथेनॉल मिसळलेलं असेल आणि त्याने पुरेसं पाणी ओढून घेतलं असेल, तर इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि कार्ब्युरेटरला टाकीच्या तळाचंच पेट्रोल मिळतं. बरणीत दोन थर दिसले तर कुठलाही क्लीनर ते पुन्हा एकजीव करणार नाही. गाळात पांढरी पावडर किंवा हिरवट खडे दिसले तर तो गंज आहे. क्लीनर चिकट थर विरघळवतो, गंज नाही. तेव्हा कार्ब्युरेटर उतरवणं आलंच.

पेट्रोलच्या नळीत नवा फिल्टर लावा. टाकीच्या भिंतीवरचा थर सुटला की तो खालीच येणार.

मात्रेत बहुतेकांचं चुकतं. बाटल्या मोटारींच्या टाकीच्या हिशेबाने भरलेल्या असतात. उदाहरणार्थ, सी फोम या क्लीनरची ४७३ मिलीची बाटली नेहमीच्या देखभालीसाठी साधारण ६० लिटर पेट्रोलला असते, म्हणजे लिटरमागे ८ मिली. सफाईसाठी दुप्पट, लिटरमागे १६ मिली. तुम्ही पूर्ण टाकी भरू नका, ५ लिटर ताजं पेट्रोल घ्या आणि त्यात ८० मिली क्लीनर, मोठ्या सिरिंजने मोजून. आधी क्लीनर टाकीत, वरून पेट्रोल, म्हणजे आपोआप मिसळतं. दुसऱ्या कंपनीचा क्लीनर असेल तर त्याच्या लेबलवरचं प्रमाण लिटरवर आणून घ्या. अख्खी बाटली ओतल्याने काम लवकर होत नाही. स्पार्क प्लग मात्र काळा पडतो आणि मिसिंग (मध्येच ठिणगी चुकून झटके बसणं) सुरू होतं.

इंजिन चोकवर सुरू करा, दहा मिनिटं चालू द्या म्हणजे मिश्रण फ्लोट बाऊल आणि जेटपर्यंत पोहोचेल. अर्थात हे उघड्यावर, बंद शेडमध्ये नाही. मग बंद करून पेट्रोल कॉक बंद करा आणि गाडी रात्रभर, शक्य असेल तर २४ तास तशीच ठेवा. खरी सफाई या उभं राहण्याच्या वेळात होते. कॉक बंद करायला विसरू नका. सुटलेला कचरा फ्लोट नीडलखाली (बाऊल भरला की पेट्रोल थांबवणारी सुई) अडकला तर पेट्रोल वाहत राहतं आणि सिलिंडरमधून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिन ऑइल असतं तिथे, उतरतं. दुसऱ्या दिवशी सुरू करण्याआधी ऑइलची पातळी बघा. ती वाढलेली असेल आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन फिरवू नका, आधी ऑइल बदला.

मग तापवून अर्धा-पाऊण तास चालवा, रेस कमीजास्त करत, चढावर, लोडखाली. नुसतं आयडलिंगवर ठेवून उरलेलं पेट्रोल संपवण्यात काही हशील नाही. सुरुवातीला थोडा धूर येईल, एखाद-दुसरं मिसिंग होईल. ते पाच लिटर संपेपर्यंत फरक पडत जायला हवा. पडला तर त्याच मात्रेने आणखी पाच लिटर. अजिबातच पडला नाही तर पुन्हा ओतू नका. शेवटी प्लग काढून बघा, इंजिन ऑइल बदला (पिस्टनच्या रिंगांवरून थोडा क्लीनर खाली उतरतोच) आणि फिल्टर तपासा.

कोणता क्लीनर, हेही समजून घ्या. सी फोमसारखे क्लीनर म्हणजे हलकं तेल, नॅफ्था आणि अल्कोहोल यांचं मिश्रण. कार्ब्युरेटरमधल्या ताज्या चिकट थरासाठी ते ठीक. टेक्रॉनसारख्या क्लीनरमध्ये पॉलीइथर अमाइन हे सफाईचं रसायन असतं. ते जास्त तापमानाला टिकतं, म्हणून इंजेक्टरचं तोंड, इनटेक व्हॉल्व्हची पाठ आणि काही प्रमाणात कंबशन चेंबरमधला कार्बन यांवर तेच उजवं. इंजेक्शनवाल्या एटीव्हीत पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, त्यामुळे तिथली सफाई होते. तिला मी पॉलीइथर अमाइनवाल्या क्लीनरशिवाय दुसरं काही सुचवणार नाही. ऑक्टेन बूस्टर आणि स्टॅबिलायझर (पेट्रोल शिळं होणं लांबवणारं द्रव्य) हे क्लीनर नव्हेत, दुकानात एकाच फळीवर असले तरी. अ‍ॅसिटोन, थिनर, रॉकेल यांचे घरगुती प्रयोग तर नकोच. फ्लोट नीडलचं रबरी टोक, ओ-रिंग आणि व्हॅक्यूम कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम फुगून वाया जातात, आणि डायफ्रॅमची किंमत क्लीनरच्या कितीतरी पट असते.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सायलेन्सरमधल्या कार्बनला क्लीनर जवळपास हातही लावत नाही. अडकलेल्या रिंगा सुटतील ही आशाही फार धरू नका. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी असेल तर आधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची मोकळी फट) मोजा. टू-स्ट्रोक असेल तर टू-टी ऑइलचं प्रमाण जसंच्या तसं ठेवा. क्लीनर म्हणजे ऑइल नाही, उलट तो ऑइलचा थर पातळ करतो, म्हणून तिथे कमी मात्राच द्या. एक्झॉस्ट पोर्टवरचा कार्बन हाताने खरवडूनच निघतो.

कार्ब्युरेटर उतरवावाच लागला तर पायलट स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण जुळवणारा स्क्रू) आधी हलक्या हाताने तळाला टेकेपर्यंत आत फिरवा, किती फेरे झाले ते लिहून ठेवा, मगच पूर्ण काढा. त्याच्याखाली स्प्रिंग, बारीक वॉशर आणि ओ-रिंग असते. ओ-रिंग हमखास आतच चिकटून राहते, आणि ती तशीच ठेवून स्प्रे मारला की खराब होते. जेट उजेडासमोर धरा, भोक गोल दिसलं पाहिजे. साफ करायला नायलॉनचा तंतू, पितळी तारेचा एखादा धागा किंवा हवेचा दाब वापरा. ड्रिल बिट किंवा सुई अजिबात नको. पितळ मऊ असतं, भोक जरा मोठं झालं की मिश्रण कायमचं रिच, म्हणजे पेट्रोल जास्त.

पुढच्या वेळी गाडी दोन महिन्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून दहा मिनिटं चालवा, कॉक बंद करा आणि ड्रेन स्क्रूने फ्लोट बाऊल रिकामा करा. गाडी इंजेक्शनची असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा.