अभिप्राय कशाचा मागावा?

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला कलनशास्त्र (कॅल्क्युलस) शिकवते. सत्र संपताना विद्यार्थी १ ते ५ गुणांचे अभिप्राय-पत्रक भरतात. त्यातून एक सरासरी आणि ‘छान शिकवतात’, ‘वेग जास्त आहे’ अशी काही वाक्ये हाती येतात. त्यांवरून नेमके काय बदलावे, हे कळत नाही. अभिप्राय घेण्याची अधिक उपयोगी पद्धत कोणती? आणि त्यावर कितपत विसंबावे?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी २०१० मध्ये अमेरिकेच्या हवाई दल अकादमीतील विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे विद्यार्थ्यांची तुकड्यांमध्ये वाटणी यादृच्छिक पद्धतीने होते आणि परीक्षा सर्वांना एकच असते, त्यामुळे तुलना बरीच निर्दोष ठरते. ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली प्राथमिक कलनशास्त्रात गुण अधिक मिळाले, त्यांना विद्यार्थ्यांनी अभिप्रायही चांगले दिले. परंतु सरासरीने पाहता त्यांचेच विद्यार्थी पुढील प्रगत विषयांत मागे पडले. विद्यार्थी खोटे लिहीत होते, असा याचा अर्थ नव्हे. आपण किती शिकलो, याचा निवाडा त्याच वेळी करणे शिकणाऱ्याला कठीण असते, एवढेच. म्हणून जे त्याला प्रत्यक्ष ठाऊक आहे तेच विचारावे : तो कोठे अडला, घरी काय सोडवून पाहिले आणि कोणत्या पायरीवर वही मिटली.

यासाठी हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मॉस्टेलर यांनी १९८९ मध्ये मांडलेली पद्धत मला आजही सर्वांत सोयीची वाटते. तासाच्या शेवटी कागदाच्या चिठोऱ्यावर तीनच गोष्टी लिहून घ्यायच्या : आजचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कोणता, सर्वांत अस्पष्ट राहिलेला कोणता, आणि कशाविषयी आणखी ऐकायला आवडेल. एका फलाच्या आत दुसरे फल असताना विकलन करण्याचा जो साखळी नियम आहे, त्याचेच पाहा : ‘साखळी नियम कळला नाही’ या उत्तरापेक्षा ‘आतल्या फलाच्या विकलनाने पुन्हा का गुणायचे, ते कळले नाही’ हे उत्तर कितीतरी मोलाचे असते, कारण पुढच्या तासाला काय करायचे ते त्यातच लिहिलेले असते. पहिल्या चिठ्ठ्या मोघम येतील. नमुन्यादाखल एक नेमके उत्तर फळ्यावर लिहून दाखवा.

वेगाबाबतच्या तक्रारीकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहावे लागते. पहिल्या वर्षाच्या वर्गात काहींनी शाळेत विकलन आणि संकलन केलेले असते, तर काहींनी सीमेची संकल्पनाही प्रथमच ऐकलेली असते. पहिल्यांना तास रटाळ वाटतो आणि दुसऱ्यांना धावता. दोघांची सरासरी ‘वेग योग्य’ अशी येते, आणि ती वर्गातील कोणाचेच मत नसते! त्यामुळे पूर्वी हा विषय किती शिकला आहात, हे त्याच पत्रकात विचारा आणि उत्तरांचे गट करूनच ती वाचा. वीसेक जणांच्या वर्गात ३.९ आणि ४.१ यांतील फरकावर तर विचार करत बसूच नये.

सत्राअखेरचे पत्रक चालू वर्गाच्या उपयोगाचे नसते. पहिल्या चाचणीनंतर, म्हणजे चौथ्या-पाचव्या आठवड्यात, एक सविस्तर फेरी घ्या. ती तासातच घ्यावी, कारण घरी भरायला दिलेली पत्रके बहुधा फार खूश किंवा फार नाराज असलेलेच परत करतात. पुढच्याच तासाला काय बदलणार आणि काय बदलणार नाही, हे कारणांसह सांगा. एप्सिलॉन-डेल्टाच्या, म्हणजे सीमेच्या काटेकोर व्याख्येवरून दिलेल्या, सिद्धता वगळाव्यात अशी मागणी येईलच. ती मान्य केली नाही तरी चालेल, मात्र तिला उत्तर न देणे चालणार नाही. एकदा मौन पाळले, की दुसऱ्या फेरीला कोरे कागद येतात.

निनावीपणाचे म्हणाल, तर लहान वर्गात शिक्षक हस्ताक्षर ओळखतात आणि विद्यार्थ्यांना ते पक्के ठाऊक असते. अस्पष्ट मुद्द्यांच्या चिठ्ठ्यांना त्याची फारशी अडचण नाही. सविस्तर फेरी मात्र एखाद्या सहकाऱ्याकरवी घ्यावी, त्या वेळी स्वतः वर्गाबाहेर थांबावे आणि उत्तरे त्यांनी टंकलिखित करून दिल्यावरच वाचावीत.